लेझ आर्शीव्ह द ला प्लानेत

लेझ आर्शीव्ह द ला प्लानेत (मराठी अर्थ: पृथ्वीचे अभिलेखागार) हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी जगभरातील लोकजीवन रंगीत छायाचित्रे व चित्रफिती यांच्या रूपाने जतन करण्यासाठी हाती घेतलेला एक फ्रेंच प्रकल्प होय. पॅरिसमधील बँक-व्यावसायिक आल्बेर कान (१८६०–१९४०) यांनी तो १९०९ ते १९३१ या काळात स्वखर्चाने चालविला. पन्नासाहून अधिक देशांत काम करून त्यांच्या छायाचित्रकारांनी सुमारे ७२,००० ऑटोक्रोम काचपट्ट्या, सुमारे ४,००० कृष्णधवल त्रिमितीय चित्रे आणि सुमारे १,८३,००० मीटर लांबीच्या चित्रफिती जमविल्या. प्रारंभीच्या रंगीत छायाचित्रांच्या जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. बाजार, घरे, पोशाख, व्यवसाय, धार्मिक विधी अशा दैनंदिन गोष्टी त्याच्या केंद्रस्थानी असल्यामुळे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना हा संग्रह विशेष मोलाचा वाटतो.

पार्श्वभूमी

आल्बेर कान यांचा जन्म ३ मार्च १८६० रोजी आल्सास प्रांतातील मार्मुतिये या गावी एका ज्यू गुरांच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते अकरा वर्षांचे असताना, फ्रान्स-प्रशिया युद्धातील पराभवानंतर आल्सास जर्मनीच्या ताब्यात गेला. पुढे पॅरिसला येऊन त्यांनी एका बँकेत नोकरी धरली. नोकरी सांभाळून चाललेल्या शिक्षणात त्यांना तरुण आंरी बर्गसाँ हे शिक्षक म्हणून लाभले. पुढे तत्त्वज्ञ म्हणून विख्यात झालेल्या बर्गसाँ यांच्याशी त्यांचा स्नेह आयुष्यभर टिकला. दक्षिण आफ्रिकेतील सोने व हिऱ्यांच्या खाणींच्या समभागांत कान यांनी मोठी संपत्ती मिळविली आणि १८९८ मध्ये स्वतःची बँक स्थापन केली.

त्याच वर्षी त्यांनी ‘ओतूर द्यू मोंद’ (जगाभोवती) या नावाची प्रवास-शिष्यवृत्ती सुरू केली. शिक्षकांनी परदेश प्रत्यक्ष पाहावा आणि आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत ते ज्ञान पोहोचवावे, असा तिचा हेतू होता. निरनिराळे समाज एकमेकांना नीट ओळखू लागले तर युद्धे टळतील, अशी कान यांची श्रद्धा होती. १९०८-०९ च्या हिवाळ्यात ते आपल्या मोटारचालकासह जगप्रवासाला निघाले. छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या या चालकाने अमेरिका, जपान व चीन येथे टिपलेल्या दृश्यांतून प्रस्तुत प्रकल्पाचे बीज पडले.

१९१२ मध्ये प्रकल्पाचे शास्त्रीय संचालन भूगोलतज्ज्ञ झाँ ब्र्यून यांच्याकडे सोपविण्यात आले. भूमी आणि मानवी वस्ती यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या मानवी भूगोलाचे ते फ्रान्समधील प्रमुख प्रवर्तक होते. मानवी जीवनाचे जे व्यवहार व ज्या रीती आज ना उद्या लोप पावणार आहेत, त्या लोपण्यापूर्वी कायमच्या नोंदवून ठेवणे, असे प्रकल्पाचे उद्दिष्ट होते.

तंत्र

ऑटोक्रोम ही लूमिएर बंधूंनी शोधलेली रंगीत छायाचित्रणाची पद्धत १९०७ मध्ये बाजारात आली. बटाट्याच्या पिठाचे (स्टार्चचे) अतिसूक्ष्म कण नारिंगी-तांबड्या, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून त्यांचे मिश्रण काचेवर एकाच थरात पसरीत. कणांमधील फटी काजळीच्या भुकटीने बुजवीत आणि त्यावर प्रकाशसंवेदी लेप देत. प्रकाश या रंगीत कणांतून गाळून लेपापर्यंत पोहोचे. प्रक्रिया पूर्ण झालेली काच उजेडासमोर धरली असता त्याच कणांतून मूळ रंग पुन्हा दिसत.

या पद्धतीत प्रत्येक काच ही एकमेव प्रत असे. शिवाय रंगकणांचा थर बराचसा प्रकाश शोषून घेत असल्यामुळे भर उन्हातही सामान्यतः एक सेकंद वा अधिक काळ प्रकाश द्यावा लागे. तेवढा वेळ माणसांना निश्चल राहावे लागे, आणि जो हलला तो चित्रात पुसट होई. म्हणून संग्रहातील बाजार अनेकदा शांत वाटतात आणि कारागीर हातातील काम थांबवून उभे असलेले दिसतात. रंग हवे असतील तर गतीचा त्याग करणे भाग होते. गती टिपण्याचे काम चित्रफितींवर सोपविले गेले, परंतु त्या बहुतांशी कृष्णधवल व सर्वस्वी मूक होत्या. त्यामुळे एखाद्या ठिकाणच्या जीवनाची पूर्ण कल्पना येण्यासाठी काचपट्ट्या आणि चित्रफिती एकत्र पाहाव्या लागतात.

चित्रित लोकजीवन

मे-जून १९१३ मध्ये मार्गरित मेस्पूले व मादलेन मिन्यों या दोन शिष्यवृत्तीधारक शिक्षिकांनी आयर्लंडचा दौरा केला. त्यांनी घेतलेली ऑटोक्रोम ही त्या देशाची सर्वांत जुन्या रंगीत छायाचित्रांपैकी मानली जातात. गॉलवे शहरालगतच्या क्लॅडा या कोळीवाड्यातील गवताने शाकारलेली घरे, तसेच तेथील स्त्रियांचे तांबडे झगे व शाली त्यांत दिसतात. ही जुनी घरे १९३० च्या दशकात पाडण्यात आली.

ऑग्यूस्त लेओं यांनी १९१३ मध्ये सालोनिका (आजचे थेसालोनिकी, ग्रीस) येथील ज्यू कुटुंबांची पारंपरिक पोशाखातील चित्रे घेतली. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९१७ मधील आगीत त्या शहराचा मोठा भाग जळाला. पुढे १९४३ मध्ये नाझींनी तेथील बहुसंख्य ज्यू रहिवाशांना मृत्युछावण्यांत पाठविले. एका नांदत्या समाजाचे दर्शन घडविणारी म्हणून या चित्रांना आता वेगळेच गांभीर्य प्राप्त झाले आहे.

स्तेफान पासे यांनी चीन, मंगोलिया, तुर्कस्तान, मोरोक्को व भारत या देशांत चित्रण केले. लेओं ब्यूसी यांनी टोंकिन (उत्तर व्हिएतनाम) येथील ग्रामजीवन टिपले. खुद्द पॅरिसही या नोंदीतून सुटले नाही. २४ जून १९१४ रोजी पासे यांनी तेथील र्‍यू द्यू पो-द-फेर या गल्लीत एका सामान्य कुटुंबाचे चित्र घेतले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत फ्रान्स पहिल्या महायुद्धात ओढला गेला. युद्ध टाळण्याच्या आशेने उभारलेल्या प्रकल्पाला पुढे पडझड झालेली गावे आणि आघाडीमागील सैनिकांचे जीवन टिपावे लागले. १९१७ पासून या कामी फ्रेंच सैन्याच्या छायाचित्र विभागाचे सहकार्य मिळाले.

भारताशी संबंध

पासे १९१३ च्या अखेरीस भारतात आले. मुंबईसह अनेक शहरांत आणि वायव्य सरहद्दीकडील प्रदेशात त्यांनी चित्रण केले. मुंबईत छायाचित्रणाची परंपरा त्यापूर्वीच रुजलेली होती. तेथील छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती. मात्र त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल किंवा मागाहून हाताने रंगविलेली असत. त्यामुळे वस्त्रांचे व वास्तूंचे रंग थेट नोंदविणाऱ्या या काचपट्ट्यांना भारतीय संदर्भातही महत्त्व आहे. १९२७ मध्ये रॉजे द्युमा यांनी कपूरथळ्याचे महाराजा जगतजितसिंग यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे चित्रण केले. रवींद्रनाथ ठाकूर १९२० मध्ये कान यांचे पाहुणे म्हणून बुलोन्य येथे राहिले होते. त्यांची ऑटोक्रोम छायाचित्रेही संग्रहात आहेत.

मर्यादा

या संग्रहाकडे जीवनाचा जसाच्या तसा आरसा म्हणून पाहता येत नाही. दीर्घ प्रकाशनकाळामुळे बहुतेक माणसे छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून उभी राहिलेली आहेत. आफ्रिका व आशियातील बरेचसे चित्रण वसाहतींच्या शासनव्यवस्थेच्या आधाराने झाले, आणि समोरच्या व्यक्तीची संमती कितपत मुक्त होती, हा प्रश्न तेथे उपस्थित होतो. लोप पावणारे ते आधी टिपावे या धोरणामुळे पारंपरिक पोशाख व हस्तव्यवसाय यांना झुकते माप मिळाले. स्थळ, दिनांक व छायाचित्रकार यांची नोंद काळजीपूर्वक ठेवली गेली, परंतु चित्रातील सामान्य माणसांची नावे बहुधा नोंदविली गेली नाहीत. म्हणूनच अभ्यासक ही चित्रे वाचताना चौकटीत काय आहे याबरोबरच ते कोणी, कोणासाठी व कोणत्या परिस्थितीत टिपले याचाही विचार करतात.

अखेर व जतन

प्रकल्प चालू असताना ही चित्रे सर्वसामान्य जनतेसमोर फारशी आली नाहीत. बुलोन्य येथे निमंत्रित पाहुण्यांसमोर आणि ब्र्यून यांच्या व्याख्यानांत ती पडद्यावर दाखविली जात. १९२९ च्या जागतिक आर्थिक अरिष्टात कान यांची संपत्ती नष्ट झाली. १९३० मध्ये ब्र्यून यांचे निधन झाले आणि १९३१ मध्ये काम थांबले. पुढे कान यांची मालमत्ता सार्वजनिक प्रशासनाने विकत घेतली, मात्र त्यांना तेथेच राहू देण्यात आले. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. जगभरच्या माणसांची चित्रे जमविणाऱ्या कान यांना स्वतःचे छायाचित्र काढून घेणे आवडत नसे. त्यामुळे त्यांची मोजकीच छायाचित्रे उपलब्ध आहेत.

संग्रह आज पॅरिसलगतच्या बुलोन्य-बियांकूर येथील आल्बेर कान संग्रहालयात आहे. जपानी वास्तुविशारद केंगो कुमा यांनी आराखडा केलेल्या नव्या इमारतीसह हे संग्रहालय एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. कान यांनी घडविलेली जपानी, इंग्रजी व फ्रेंच शैलींची उद्याने त्याच आवारात आहेत. काचपट्ट्यांच्या अंकीय प्रती तयार करण्यात आल्या असून संग्रहाचा मोठा भाग आंतरजालावर पाहता येतो.