टपालाने फिरलेली गणिते : पुण्याचे ग्रंथालय, देवळालीचे शिक्षक आणि जळकोटची वाट

१/
१९११ साली ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात २८९ क्रमांकाचा एक प्रश्न छापून आला. एका वर्गमुळाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे, अशी ती कधीही न संपणारी रचना होती :
√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))
याची किंमत किती? प्रश्न घालणारा २३ वर्षांचा होता. कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला, हाती नोकरी नाही, मद्रासेत आश्रयाच्या शोधात फिरणारा. नाव श्रीनिवास रामानुजन.

२/
सुमारे सहा महिने कोणाचेही उत्तर आले नाही. अखेरीस ते त्यानेच दिले : ३.
रीत पाहण्याजोगी आहे. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ आणि ९ = १ + २×४. यातला ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ आणि १६ = १ + ३×५. यातला ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ आणि २५ = १ + ४×६. असे करत आत आत उतरावे. आठवीतल्या मुलालाही ही पायरी कळते. (अनंत पायऱ्यांपलीकडे उरणारा भाग उत्तरात बिघाड करत नाही, हे मात्र निराळे सिद्ध करावे लागते. तिथे आठवीचे गणित पुरत नाही.)

३/
हा प्रश्न जिथे छापला गेला त्या संस्थेची मुळे पुण्यात होती. गुत्तीचे डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी डिसेंबर १९०६ मध्ये आपल्या गणितप्रेमी परिचितांना पत्र धाडले. गणिताची नवी पुस्तके आणि परदेशी नियतकालिके एकेकट्याला परवडत नाहीत, तेव्हा एकत्र यावे, असा त्याचा आशय होता. एप्रिल १९०७ मध्ये संस्था उभी राहिली. प्रारंभीचे नाव ‘अ‍ॅनालिटिक क्लब’. ग्रंथालय ठेवले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. त्या वेळी तेथे प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय.

४/
ग्रंथालय पुण्यात असले तरी वाचक सगळीकडे पांगलेले होते. म्हणून नियतकालिके टपालाने सभासदांकडे फिरवली जात. एकाने वाचायची, परत धाडायची, मग ती दुसऱ्याकडे जायची. प्रश्नोत्तरांचे सदरही याच वाटेने चाले. प्रश्नाला क्रमांक, खाली विचारणाऱ्याचे नाव. पुढच्या एखाद्या अंकात उत्तर, त्याखाली सोडवणाऱ्याचे नाव. कोण कलेक्टर कचेरीत आहे, कोण कॉलेजात, कोण घरी बसून आहे, याचा त्या क्रमांकांशी काही संबंध नव्हता. रामानुजनने या सदराला पुढे पन्नासहून अधिक प्रश्न दिले. केंब्रिजच्या हार्डीला पत्र लिहिण्याआधी त्याची ओळख झाली ती या सदरातून.

५/
ही कल्पना काही रामस्वामी अय्यरांची स्वतःची नव्हे. इंग्लंडात १७०४ साली निघालेल्या ‘लेडीज डायरी’ या पंचांगवजा वार्षिकात गणिती कोडी छापली जात आणि वाचक ती सोडवून पाठवत. मात्र तरुणांच्या दृष्टीने खरा नमुना हंगेरीचा. ग्यॉर या गावातील डॅनियल अरानी नावाच्या शिक्षकाने १८९४ साली माध्यमिक शाळेतील मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. दरमहा प्रश्न, गावोगावच्या मुलांची उत्तरे, आणि चांगली उत्तरे देणाऱ्या मुलांची चक्क छायाचित्रे. आडगावच्या पोराला आपला चेहरा देशभर छापून आलेला दिसे.
पुण्याची संस्था इतकी खाली उतरली नाही. तिचे सभासद प्राध्यापक, अधिकारी, पदवीधर, भाषा इंग्रजी. शाळकरी मुलापर्यंत तिचे टपाल पोहोचत नव्हते, ही तिची मर्यादा मान्य करावी लागते.

६/
ते काम महाराष्ट्रात एका शाळामास्तरांनी केले, आणि तेही फर्ग्युसनचेच विद्यार्थी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचे पद नाही. संख्यांशी खेळणे हाच व्यासंग. पुस्तिका बऱ्याचदा पदरमोड करून छापत आणि शाळाशाळांत जाऊन संख्यांच्या गमती सांगत.

७/
त्यांची सर्वांत प्रसिद्ध गंमत करून पाहावी. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने लावावेत, मग चढत्या क्रमाने लावावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या संख्येवर पुन्हा तेच करावे.
लातूर जिल्हा ज्या वर्षी झाला ते १९८२ घेऊ.
९८२१ − १२८९ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४
आता ६१७४ वर करावे : ७६४१ − १४६७ = ६१७४. संख्या तिथेच थांबते. कुठूनही निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

८/
कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. देशातल्या अनेक जाणकारांनी त्याला पोरखेळ मानले. १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील मार्टिन गार्डनर यांच्या सदरात कापरेकर झळकले, तेव्हा ते सत्तरीत होते आणि निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने शिकवण्या करून गुजराण करत होते. पोरखेळ म्हणणाऱ्यांचे एका अर्थी बरोबर होते. पोरांना खेळता येईल असे गणित ते होते, आणि त्याचे मोल नेमके त्यात होते : तेथे शिरायला सभासदत्व लागत नव्हते, इंग्रजी लागत नव्हते, ग्रंथालयही लागत नव्हते. कागद-पेन्सिल आणि वजाबाकी पुरे.

९/
आता जळकोटकडे वळू. पुण्याहून पुस्तके फिरत होती त्या काळात उदगीर-जळकोटचा हा मुलूख निजामाच्या बीदर जिल्ह्यात मोडत होता. हैदराबाद संस्थानाची स्वतःची टपालव्यवस्था होती आणि तिची तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. इंग्रज सरकारची टपाल कार्यालयेही होती, म्हणजे वाट अगदीच बंद नव्हती. अडसर निराळाच होता. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. एखाद्या भारतीय भाषेतून उच्च गणित-विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग, त्याला कमी लेखू नये. पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलापुढे त्यामुळे दोन भिंती उभ्या राहिल्या. हैदराबादच्या गणिताची भाषा उर्दू, पुण्याच्या गणिताची इंग्रजी. २८९ क्रमांकाचा प्रश्न दोन्हींपैकी कोणत्याही वाटेने जळकोटच्या मुलापर्यंत सहज येण्यासारखा नव्हता.

१०/
यातला विपर्यास असा की गोदाकाठ हा एके काळी गणिताचा प्रदेश होता. सध्याच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी म्हणजेच बहुतेक अभ्यासकांच्या मते जुने पार्थपूर. तेथील ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचले. त्याचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ आणि ‘लीलावती’ या ग्रंथांवर अनुक्रमे १५३८ आणि १५४१ साली टीका लिहिल्या. ‘लीलावती’तील उदाहरणे तरी काय आहेत? कोणाला तरी नावाने हाक मारून घातलेली कोडीच. अर्थात तेव्हाही या कोड्यांचे दार संस्कृत शिकू शकणाऱ्या मोजक्या घरांपुरतेच उघडे होते.

११/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५६ च्या पुनर्रचनेत उदगीरचा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात आला, १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात. शाळा मराठी झाल्या, महाविद्यालये निघाली. १९८६ साली, म्हणजे कापरेकर वारले त्याच वर्षी, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने गणित ऑलिंपियाडची जबाबदारी घेतली. १९८९ मध्ये भारतीय संघ प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, १९९६ मध्ये ती स्पर्धाच मुंबईत भरली. महाराष्ट्रातील तयारीचे मोठे केंद्र मात्र पुन्हा पुणेच, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान.
मराठवाड्यात याच काळात नाव झाले ते ‘लातूर पॅटर्न’चे. कसून सराव, चाचण्यांवर चाचण्या, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत धडक. त्याने खेड्यांतील हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट दिली, हे निर्विवाद. पण तिथला प्रश्न घड्याळ लावून सोडवायचा असतो, आणि शेजारच्या मुलाला उत्तर सांगणे म्हणजे आपला क्रमांक खाली आणणे.

१२/
जुलै २००९ मध्ये एक वेगळाच प्रयोग झाला. त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील सहावा प्रश्न होता अंकरेषेवर उड्या मारणाऱ्या टोळाचा. त्याच्या उड्यांच्या लांब्या ठरलेल्या, क्रम मात्र त्याच्या मर्जीचा. वाटेतल्या मनाई केलेल्या बिंदूंवर पाय न पडेल असा क्रम नेहमी लावता येतो, हे सिद्ध करायचे होते. परीक्षागृहात साडेचार तासांत असे तीन प्रश्न एकट्याने सोडवायचे असतात, आणि या प्रश्नाने बहुतेक स्पर्धकांना हात टेकायला लावले. फील्ड्स पदकविजेते गणिती टेरेन्स टाओ यांनी तोच प्रश्न इंटरनेटवर सर्वांसाठी मांडला. अट एवढीच, की कोणी एकट्याने पूर्ण सोडवायचा नाही. सुचलेला छोटा तुकडाही लगेच सर्वांपुढे ठेवायचा, चुकला तरी चालेल. तुकडे जुळत गेले आणि उत्तर निघाले.

१३/
रामानुजनच्या प्रश्नाला जी वाट सहा महिन्यांत उत्तर देऊ शकली नाही, ती आता काही सेकंदांची आहे. जळकोटमध्ये मोबाइल आहे, मराठी आहे, वजाबाकी आहे. शिकवणीच्या वेळापत्रकात घड्याळाशिवाय सोडवायच्या प्रश्नाला जागा आहे का, एवढेच पाहायचे.
तोवर कापरेकरांच्या वाटेवरचा पुढचा प्रश्न. तीन अंकी संख्यांवर हीच कृती केली की सर्व जणी ४९५ वर थांबतात. पाच अंकी संख्या मात्र कुठेच थांबत नाहीत. त्या काही ठरावीक चक्रांत फिरत राहतात. अशी चक्रे एकूण किती, आणि कोणती?