दुकानाची रसद आणि तिचा सारथी

दुकानाच्या फळीवरून साबणाची वडी उचलतांना ती तेथवर कोणीं आणिली, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कारखानदाराचें नांव वेष्टनावर छापलेलें असतें, दुकानदार समोर उभा असतो. या दोघांमधला जो तिसरा, तो पहांटेच येऊन गेलेला असतो. श्रोतेहो, आज त्या तिसऱ्या मनुष्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. त्याच्या धंद्याचा इतिहास अमेरिकेंत विशेष ठळकपणें घडला, म्हणून तिकडचीच हकीकत सांगतों.

इ. स. १९१४ सालीं डेट्रॉइट शहरांत ऑगस्ट फ्रूहॉफ नांवाच्या लोहाराकडे लाकडाचा एक व्यापारी आला. आपली होडी फोर्ड मोटारीमागें जोडून नेतां येईल असा गाडा त्याला हवा होता. फ्रूहॉफनें तो करून दिला. आणि तो इतका सोयीचा ठरला कीं, व्यापाऱ्यानें लांकूड वाहण्यासाठीं तसेच आणखी गाडे मागविले. ओढणारें यंत्र निराळें व मालाचा गाडा निराळा, ही कल्पना दिसावयास साधी. परंतु पुढच्या साऱ्या विस्ताराचें बीज तिच्यांत होतें. भरलेला गाडा धक्क्याशीं सोडून द्यावा, हमालांनीं तो सावकाश रिकामा करावा, आणि चालकानें दुसरा गाडा जोडून वाट धरावी, हें तिच्यामुळें शक्य झालें.

१९३५ सालच्या कायद्यानें भाड्यानें माल नेणाऱ्या मालमोटारी इंटरस्टेट कॉमर्स कमिशनच्या ताब्यांत आल्या. कोणीं कोणत्या मार्गानें जावें, काय दर घ्यावा, हें कमिशन पाहूं लागलें. स्वतःचा माल स्वतःच्या मोटारींतून नेणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र या परवान्याची गरज नव्हती. चालकाच्या तासांवर मर्यादा घालण्याचा अधिकारही याच कायद्यानें कमिशनला दिला. थकलेला मनुष्य चाकामागें बसूं नये, हा हेतु उत्तमच होता. पण १९३८ सालीं कामाच्या तासांचा व वेतनाचा सर्वसाधारण कायदा झाला, त्यांत आठवड्याच्या ठराविक तासांवरील कामाला दीडपट वेतन देण्याचें तत्त्व आलें, आणि ज्यांचे तास कमिशन ठरवूं शकतें त्यांना त्यांतून वगळण्यांत आलें! एका कायद्यानें संरक्षण दिलें म्हणून दुसऱ्यानें मोबदला नाकारला. ही वगळणूक मोठ्या मालमोटारींच्या चालकांना अद्यापि लागू आहे. (आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें आठ तासांचा दिवस ठरवून दिला होता, तो किती पाळला गेला, हें कोणत्याही महामार्गावरच्या ढाब्यावर कळलें असतें.)

नेमलेल्या वाटेचा चालक उदयाला आला तो यानंतर. सॅम वॉल्टननें १९६२ सालीं आर्कान्सा संस्थानांतील रॉजर्स येथें वॉलमार्टचें पहिलें दुकान उघडलें, व १९७० सालीं बेंटनव्हिल येथें मोठी वखार बांधली. वखारीपासून एका दिवसाच्या वाटेवर दुकानें थाटावयाचीं, असा त्याचा शिरस्ता होता. २६ जून १९७४ रोजीं ओहायोंतील ट्रॉय गांवीं च्युइंगगमच्या पुडक्यावरच्या काळ्या रेघा दुकानांतल्या यंत्रानें प्रथम वाचल्या. पुढें त्या रेघांमुळें कोणती वस्तु केव्हां संपली हें वखारीला कळूं लागलें. मग महिन्याचा माल एकदम साठविण्याऐवजीं थोडा थोडा, पण वारंवार पाठविणें सोयीचें झालें. १९८० सालीं परवान्यांचे निर्बंध सैल झाले. एकाच व्यापाऱ्याचा माल, त्याच त्या दुकानांना, करारानें पोंचविणाऱ्या कंपन्या वाढल्या. दर उतरले, चालकाच्या वेतनाचें खरें मोलही उतरलें.

तरी या कामाला चालक आवडीनें जातो. देशभर भटकणारा चालक आठवडेच्या आठवडे घर पाहत नाहीं. हा मात्र पुष्कळदां रात्रीं, निदान आठवड्याअखेर तरी घरीं असतो. त्याची वाट त्याला पाठ असते. शेवटच्या दुकानाचा माल गाड्यांत सर्वांत आधीं भरलेला आहे ना, दारावरील मोहोरेचा क्रमांक कागदाशीं जुळतो ना, हें पाहून तो अपरात्रीं निघतो. दुकानाचें दर्शनी अंग गिऱ्हाइकासाठीं रुंद, पण मागची गल्ली अरुंद. तेथें ५३ फूट लांबीचा गाडा उलट चालवीत धक्क्याला बिनचूक भिडवावयाचा, तोही उजवी बाजू धड दिसत नसतां. हें कसब त्या गल्लीच्या खांबांशीं वर्षानुवर्षांची ओळख झाल्यावांचून येत नाहीं.

खरें दुखणें आहे तें थांबण्याचें. नियम असा कीं, १० तासांच्या विश्रांतीनंतर काम सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आंत फार तर ११ तास गाडी हांकावी. धक्क्यावर माल उतरून घेणारा मनुष्य जागेवर नसला तर तीन तास सहज जातात. घड्याळ साधारणतः चालूच राहतें. मैलावर वेतन असेल तर त्या तासांची कमाई शून्य! पूर्वीं चालक नोंदवहींत हे तास इकडचे तिकडे करीत. अशा वह्यांना ते स्वतःच थट्टेनें चित्रविनोदाचीं पुस्तकें म्हणत. डिसेंबर २०१७ पासून बहुतेकांच्या नोंदी यंत्रच ठेवूं लागलें. लबाडी कठीण झाली हें खरें, पण थांबविणाऱ्या दुकानदाराला त्या यंत्रानें एक पैचाही दंड केला नाहीं.

मार्च २०२० मध्यें साथीच्या भीतीनें तिकडच्या दुकानांतील फळ्या ओस पडल्या. १३ मार्च रोजीं सरकारनें निकडीचा माल नेणाऱ्यांपुरती तासांची मर्यादा उठविली. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया संस्थानानें महामार्गावरचीं विश्रांतिस्थळें बंद केलीं. रात्रंदिवस हांकण्याची मुभा मिळालेल्या चालकाला गाडी उभी करून तोंड धुण्यास जागा उरेना. चालकांची ओरड झाली, तेव्हां त्यांतलीं कांहीं थोड्याच दिवसांत पुन्हां उघडण्यांत आलीं.