प्रथिनांचे पचन : ताटातली डाळ शरीराला कशी लागते?

“रोज डाळीचे पाणी पाजतो, तरी बाळाचे वजन वाढत नाही,” ही तक्रार दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. त्याचे कारण समजण्यासाठी आधी प्रथिने पचतात कशी ते पाहू.

जठरात काय होते?
प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची लांब साखळी. ती तुटल्याशिवाय शरीराला वापरता येत नाही. जठरातील तीव्र आम्लामुळे प्रथिनाची घडी उलगडते आणि पेप्सिन हे एन्झाइम तिचे तुकडे करू लागते.

लहान आतड्यात काय होते?
बहुतेक पचन इथेच होते. स्वादुपिंडातून येणारी ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही एन्झाइम आतड्यात पोहोचल्यावरच कामाला लागतात. ती आधीच जागी झाली, तर स्वादुपिंडालाच इजा होते. शेवटी सुटी अमायनो आम्ले आणि दोन-तीन आम्लांचे छोटे तुकडे आतड्याच्या पेशी शोषून घेतात. तिथून अमायनो आम्ले रक्तावाटे यकृतात जातात.

पुढे त्यांचे काय होते?
त्यांपासून स्नायू, हिमोग्लोबिन, प्रतिपिंडे तयार होतात. मात्र चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीरात नसतो. जास्तीच्या अमायनो आम्लांतील नायट्रोजनचा युरिया होऊन तो लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून एका दिवशी भरपूर खाण्यापेक्षा रोजच्या प्रत्येक जेवणात थोडी प्रथिने हवीत.

किती आणि कोणती?
राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलो वजनाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, तर 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण तेवढीच प्रथिने असतात.

20 पैकी 9 अमायनो आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात. तांदूळ-ज्वारीत लायसिन कमी, तर डाळींत मेथिओनिन कमी. वरण-भात किंवा भाकरी-उसळ खाल्ल्याने ही उणीव परस्पर भरून निघते. कडधान्ये भिजवून, मोड आणून नीट शिजवली की पचायला सोपी होतात.

मग बाळाला काय द्यावे?
वरच्या पाण्यात प्रथिने फार थोडी उतरतात. ती खालच्या डाळीत राहतात. बाळाचे इवलेसे पोट मात्र पाण्याने भरते. सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपान चालू ठेवून घोटलेली घट्ट डाळ, तूप घातलेली मऊ खिचडी द्यावी.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
मुलाचे वजन वाढत नसेल, पायांवर सूज असेल, जुलाब लांबले असतील किंवा शौचाला तेलकट, चिकट होत असेल तर तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण किंवा प्रोटीन पावडर स्वतःच्या मनाने ठरवू नये.