‘अंकुर’मधला दगड आणि ‘फँड्री’मधला दगड

‘फँड्री’चा शेवट बहुतेकांना पाठ आहे. जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या दिशेनं येतो आणि पडदा काळा होतो. १४ फेब्रुवारी २०१४ ला सिनेमा थिएटरात लागला, तेव्हापासून त्या दगडावर इतकं बोललं गेलंय की आता त्याची घोषणाच होऊन बसलीय. पण तो दगड समजून घ्यायचा, तर आधीचे दीड-पावणेदोन तास कॅमेरा कुठं उभा होता ते बघावं लागतं. आणि चाळीस वर्षांपूर्वीचा आणखी एक दगड आठवावा लागतो.

१९७४. श्याम बेनेगल यांचा पहिला चित्रपट ‘अंकुर’. तेलंगणातलं खेडं, जमीनदाराचा शहरात शिकलेला पोरगा सूर्या (अनंत नाग), त्याच्या घरी राबणारी दलित लक्ष्मी (शबाना आझमी) आणि तिचा मुका-बहिरा नवरा किष्टय्या. शेवटी सूर्या किष्टय्याला चाबकानं फोडतो, लक्ष्मी त्याला शिव्याशाप देऊन निघून जाते, गाव पांगतं. मागं एक लहान पोरगा उरतो. तो दगड उचलतो, सूर्याच्या खिडकीवर मारतो, काच फुटते आणि पडदा लाल होतो.

त्या पोराचं नाव काय? कुणाला सांगता येणार नाही. तो कुठं राहतो, शाळेत जातो का, त्याला कोण आवडतं, काही माहीत नाही. दगड मारण्यापुरताच तो आपल्याला भेटतो. हा काही बेनेगलांचा दोष नव्हे, तो काळच तसा होता. दोनच वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर स्थापन झालेली. नक्षलबाडीच्या बातम्या ताज्या. लाल पडदा म्हणजे काय, हे प्रेक्षकाला फोड करून सांगावं लागत नव्हतं. दगड इतिहासाचा होता, पोरगा फक्त तो फेकायला आला होता.

साहित्यानं हे काम लवकर उरकलं. १९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८० ला लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. ‘उपरा’ तर थेट कैकाडी घरातल्या पोराची गोष्ट, आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. म्हणजे ‘अंकुर’मधल्या त्या बिननावाच्या पोराला मराठी पुस्तकानं सहा वर्षांत नाव, गाव, आई-बाप, भूक, सगळं दिलं. सिनेमाला त्यासाठी चाळीस वर्षं लागली. का लागली, यावर कुणी प्रबंध लिहावा. माझ्या मते मुख्य कारण साधं आहे. पुस्तक लिहायला वही-पेन पुरतं, सिनेमाला दुसऱ्याचा पैसा लागतो.

तोवर मराठी पडद्यावर पोरं मोठी होतच होती. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. श्याम मोठा होतो तो आईच्या शिकवणुकीतून. ‘शाळा’मधला मुकुंद आणीबाणीच्या काळात वर्गातल्या बाकावरून शिरोडकरकडं बघत मोठा होतो. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ तर ‘फँड्री’ लागला त्याच वर्षी बर्लिनला गेला आणि तिथल्या बालज्युरीचं क्रिस्टल बेअर घेऊन आला. मला तो फार आवडतो. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक, त्यामुळं कोकणातला पाऊस नुसता देखावा म्हणून येत नाही, पोराच्या मनातलं दुःखच बाहेर कोसळत असतं. पण ‘किल्ला’तल्या चिन्मयची आई सरकारी नोकरीत आहे. तिची बदली होते. गाव आवडलं नाही तरी ते सुटणार आहे, आणि सुटतं तेव्हा नेमकं ते आवडायला लागलेलं असतं. त्या पोराचं वाढणं म्हणजे निरोप घ्यायला शिकणं.

जब्याला बदली नाही.

आता ‘फँड्री’कडं येऊ. नागराज मंजुळे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधीच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. माणूस करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला. जब्या झालेला सोमनाथ अवघडेही त्याच भागातला, अभिनयाचं कुठलंही शिक्षण नसलेला. किशोर कदम आणि छाया कदम सोडले तर प्रेक्षकाला ओळखीचे चेहरे फारसे नाहीत. विक्रम अमलाडी यांच्या कॅमेऱ्यानं सोलापूर-नगरकडचं ते कोरडं माळरान दाखवलं, तेही सुंदर करायचा हट्ट न धरता.

सिनेमाची सुरुवात आठवा. जब्याच्या हातात गलोल आहे आणि तो झाडोऱ्यात काळी चिमणी शोधतोय. तिला जाळून तिची राख शालूच्या अंगावर टाकली की शालू वश होणार, असं त्याच्या डोक्यात बसलंय. पहिल्या अर्ध्या भागात कॅमेरा जब्याच्या डोळ्यांमागं असतो. शालू लांबून दिसते, वर्गात, रस्त्यावर, मैत्रिणींच्या घोळक्यात. दोघांत एकदाही धड बोलणं होत नाही. आपण जब्याबरोबर नुसतं बघत राहतो. आणि बघणाऱ्याला वाटत असतं, की आपणही इतर पोरांसारखेच आहोत. जीन्स हवी, नाक जरा सरळ हवं, बस्स. वयात येणाऱ्या पोरांच्या जगातल्या झाडून सगळ्या सिनेमांत हेच तर असतं.

मग हळूहळू नजर उलटी फिरते. जब्या बघणारा उरत नाही, बघितला जाणारा होतो. जत्रेत डुकरं पालखीत घुसतात, गाव खवळतं, आणि डुकरं धरायचा हुकूम कचरू मानेला, म्हणजे जब्याच्या बापाला होतो. पोरीच्या लग्नासाठी पैसे हवेतच, त्यामुळं नाही म्हणायची सोय नाही. शेवटचा मोठा भाग म्हणजे ती डुकराची शिकार. अख्खं कुटुंब धावतंय, नेमकं शाळेच्या आसपास. आणि गाव तमाशा बघायला बसावं तसं बसलंय, हसतंय, आवाज देतंय. जब्या भिंतीआड, झुडपाआड लपतो, कारण वर्गातली पोरं बघतायत. शालू बघतेय. बाप त्याला ओढून बाहेर काढतो आणि बडवतो.

इथं कॅमेरा जी चाल करतो ती मला सगळ्यात मोठी वाटते. तो बऱ्याचदा बघ्यांच्या जागेवर जाऊन उभा राहतो. आपण थिएटरात तिकीट काढून बसलेलो, आणि डुकराच्या पळापळीत खरोखर विनोदी जागा आहेत. हसू येतं. कुणाबरोबर हसलो, हे थोड्या वेळानं कळतं.

मधेच तो राष्ट्रगीताचा प्रसंग. डुक्कर कोंडीत सापडलेलं, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो. मग एकेक करून घरचे सगळे. डुक्कर निवांत निघून जातं. महाराष्ट्रात २००३ पासून थिएटरात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागायचं, म्हणजे प्रेक्षक तिकडं एकदा उभा राहून मगच खुर्चीत बसलेला. आता पडद्यावर पुन्हा तेच सूर, त्याचं काय करायचं? (सिनेमाच्या कथेत राष्ट्रगीत आलं तर उभं राहायची गरज नाही, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयानं पुढं २०१७ मध्ये केला.) ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात सरळ उभे राहतात. दिग्दर्शक त्यावर एक शब्दही बोलत नाही.

या ताठ उभं राहण्याला मागं एक इतिहास आहे आणि तो पडद्यावर कुठंही लिहून येत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत कैकाडी होते, वडारही होते. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली, तिथं हजेरी द्यायला लागायची. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात. आणि अजूनची गंमत (गंमत म्हणायची सवय म्हणून) अशी, की विदर्भात, एक राजुरा तालुका सोडला तर, कैकाडी अनुसूचित जातींत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. टोपली तीच, भाषा तीच, तमिळच्या जवळची, जिच्यात डुकराला ‘फँड्री’ म्हणतात. जिल्हा बदलला की कागद बदलतो. संरक्षणाचे कायदेही बदलतात, कारण ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरताच आहे. ‘उपरा’ला अकादमी मिळून चाळीसहून जास्त वर्षं झाली, ही रेघ अजून पुसलेली नाही.

शेवटी डुक्कर सापडतं. बांबूला उलटं टांगून बाप-लेकं ते घेऊन निघतात. मागं शाळेची भिंत सरकत जाते, तिच्यावर रंगवलेले फुले, सावित्रीबाई, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा. काही समीक्षकांना हे फार ढोबळ वाटलं. मला नाही वाटत. ही चित्रं महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहेत, कुणी ती सिनेमासाठी कल्पनेतून आणलेली नाहीत. कॅमेरानं फक्त त्यांच्यासमोरून काय जातं ते दाखवलं.

मागून पोरं ‘फँड्री, फँड्री’ ओरडत येतात, आणि जब्या पहिल्यांदा लपत नाही. बापाचा हात सोडवून जीन्सची स्वप्नं बघणारा पोरगा दगड उचलतो. सुरुवातीला गलोलीतला खडा चिमणीसाठी होता, म्हणजे खरं तर शालूसाठी. आता तो छेडणाऱ्यांवर जातो आणि शेवटचा कॅमेऱ्यावर, बघ्यांमध्ये आपली जी जागा ठरली होती त्या जागेवर. ‘अंकुर’मध्ये दगड जमीनदाराच्या खिडकीवर गेला, आणि प्रेक्षक पोराच्या बाजूला उभा असल्याचं समाधान घेऊन घरी गेला. इथं तेवढीही सोय ठेवलेली नाही. आणि या वेळी फेकणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे. जांबुवंत कचरू माने, इयत्ता, गाव, आवडती मुलगी, सगळं.

एक गोष्ट राहिली. सिनेमात सायकल दुकानवाला चंक्या आहे, तंत्रमंत्र करणारा, प्रेमात मार खाल्लेला, जब्याच्या काळ्या चिमणीवर विश्वास ठेवणारा एकटा मोठा माणूस. जब्याला पैसे कमवायला तो सायकल देतो, आणि ती सायकलही गाडीखाली चुरडते. ही भूमिका नागराजनं स्वतः केलीय. पुढच्या वेळी बघाल तेव्हा त्याच्याकडं नीट बघा. चिमणी न सापडलेला जब्या वीस वर्षांनी कसा दिसेल, ते तिथं बसलंय.