कमरेच्या ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग आणि छोट्या छेदातून इलाज

मणक्याच्या ऑपरेशननंतर थांबलेलं दुखणं १ ते ४ आठवड्यांत पुन्हा जोरात उठलं, तर आपण ‘जखम भरतेय’ म्हणून गप्प बसतो. ताप नसला तरी हा गादीतला जंतुसंसर्ग असू शकतो. शुगर असलेल्यांना धोका जास्त. सीआरपी, ईएसआर आणि एमआरआय करून घ्यावं. सीटी स्कॅनवर पाहत सुईने नमुना घेतात, म्हणजे जंतू ओळखून नेमकं अँटिबायोटिक देता येतं. पू साचला असेल तर दुर्बिणीने, लहानशा छेदातून तो धुऊन काढतात. औषधं साधारण ६ आठवडे चालतात. बरं वाटलं तरी मध्येच सोडू नयेत. पायातली ताकद गेली, लघवी अडली तर ताबडतोब इस्पितळ गाठावं. दुखणं असेपर्यंत नमाज बसून किंवा इशाऱ्याने पढण्याची सवलत शरीअतने आपल्याला दिलेलीच आहे.