मद्यमुक्ती सभा, हिंजवडी परिसरातील

दारू सोडू पाहणाऱ्यांनी परस्परांच्या आधारासाठी भरवलेल्या बैठका. मूळ चळवळ 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' (एए); बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी ती १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू केली. सभेला फी नाही, नोंदणी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. बंद सभा फक्त व्यसनींसाठी असते, खुल्या सभेत घरचेही बसू शकतात. नवखा माणूस पहिल्या दिवशी गप्प बसला तरी चालते, आणि बहुतेक जण तसेच बसतात. कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हा वेगळा गट आहे.

पुण्यात या कामाचा मोठा आधार म्हणजे येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता (सुनंदा) व अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये उभारले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. हिंजवडीहून येरवडा शहराच्या दुसऱ्या टोकाला. आयटी पार्कातील रात्रपाळीवाल्यांना म्हणूनच ऑनलाइन सभा सोयीच्या पडतात. वेळा व ठिकाणे एएच्या हेल्पलाइनवर कळतात. ती बदलतात, निघण्यापूर्वी विचारावे. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टर गाठावा: दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात, ते सभेने थांबत नाहीत.