तुका म्हणे... पण कोणता तुका?

मंडळी, 'दा विंची कोड' ही कादंबरी 2003 मध्ये आली, 2006 मध्ये तिच्यावर सिनेमा आला, आणि तेव्हापासून प्रत्येक आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये एक तरी महाभाग असतोच जो चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे सांगतो, "अरे, बायबलमध्ये काय ठेवायचं ते एका रोमन बादशहाने मीटिंग घेऊन ठरवलं. बाकी सगळं दडपलं!"

गोष्ट झकास आहे, फक्त तशी घडलेली नाही. 325 साली निकाया इथे परिषद भरली, बादशहा कॉन्स्टंटाइन तिथे हजर होता, इथपर्यंत ठीक. पण तिथला वाद होता येशू आणि देव यांच्या नात्याबद्दल. त्या परिषदेचे नियम आज वाचायला मिळतात, त्यात पुस्तकांच्या यादीचं नावही नाही. आजच्या 'नव्या करारा'तली 27 पुस्तकं, कमी नाही की जास्त नाही, एका यादीत दिसतात ती थेट 367 मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या एका पत्रात. तोपर्यंत गावोगावच्या चर्चमध्ये काय वाचलं जातं यावर हळूहळू छाननी होत गेली होती. लिखाण किती जुनं? धागा येशूच्या शिष्यांपर्यंत पोचतो का? शिकवण जुळते का? सगळीकडे वाचतात का?

या चाळणीत बरंच काही गळलं. 'हर्मासचा मेंढपाळ' हे पुस्तक तर इतकं लोकप्रिय होतं की बायबलच्या एका अतिशय जुन्या हस्तलिखितात ते शेवटी जोडलेलं आहे. पण एका जुन्या यादीत शेरा आहे की हे आपल्या अलीकडच्या काळात लिहिलंय, वाचा जरूर, पण चर्चमध्ये प्रेषितांच्या लिखाणासोबत नको. थोमाच्या नावाचं शुभवर्तमानही असंच बाहेर राहिलं. त्यात कथा नाहीच, येशूची नुसती 114 वचनं आहेत. त्याची पूर्ण प्रत 1945 मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ जमिनीत पुरलेल्या रांजणात सापडली.

मला सगळ्यात आवडतो तो 'पौलाची कृत्ये' या पुस्तकाचा किस्सा. सन 200 च्या सुमारास टर्टुलियन नावाच्या लेखकाने नोंदवून ठेवलंय की हे पुस्तक रचणारा आशिया मायनरमधला एक धर्मगुरू होता. पकडला गेल्यावर तो म्हणाला, मी हे पौलावरच्या प्रेमापोटी केलं. पद गेलं बिचाऱ्याचं.

प्रेमापोटी! हे वाचलं आणि मला एकदम देहू आठवलं. आमच्या औंढ्याहून देहू म्हणजे तासाभराचा रस्ता. इंद्रायणी इथेच वर, लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि पुढे देहूला जाते. तुकोबांच्या वह्या बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या, ती हीच नदी. वह्या तरल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: आज आपण जी 'गाथा' हातात धरतो, ती ठरवली कोणी?

तुकोबा गेले 1650 मध्ये. त्यांच्या नावाची मोठी छापील गाथा आली 1869 ते 1873 या काळात, दोन खंडांत, मुंबईच्या 'इंदुप्रकाश' छापखान्यातून. मुंबई सरकारने त्यासाठी 24,000 रुपये दिले होते. संपादक विष्णु परशुराम शास्त्री पंडित (विधवाविवाहासाठी झगडणारे तेच) आणि सोबत शंकर पांडुरंग पंडित. मधली सव्वादोनशे वर्षं गाथा होती ती हस्तलिखित वह्यांत आणि कीर्तनकारांच्या जिभेवर. पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या मिळवून ताडून पाहिल्या. म्हणजे आपल्या मावळातल्या तळेगावची वही यात आहे! त्यातून साडेचार हजारांवर अभंग निघाले. 1950 ची सरकारी गाथाही याच आवृत्तीवर उभी आहे.

पण 1889 मध्ये तुकाराम तात्या पडवळ यांनी दुसरी गाथा काढली. तिच्यात आठ हजारांवर अभंग! जिथून मिळेल तिथून गोळा केलेले. आणि 1920 च्या आसपास ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी नेमकं उलटं केलं. चाकणचे संताजी तेली जगनाडे हे तुकोबांचे टाळकरी आणि लेखनिक. त्यांच्या वह्यांवरून भाव्यांनी जी गाथा छापली तिच्यात तेराशेच्या आसपास अभंग आहेत, आणि तिचं नाव त्यांनी ठेवलं 'अस्सल गाथा'.

आता करा हिशोब. तेराशे, साडेचार हजार की आठ हजार? भाव्यांची कसोटी लावली तर आज वारीत गायल्या जाणाऱ्या गाथेतला दोन तृतीयांशाहून जास्त भाग बाहेर जातो. मला ही कसोटी पटत नाही. एका लेखनिकाच्या वहीत नाही म्हणजे खोटं, हे कसलं लॉजिक? संताजी प्रत्येक कीर्तनाला वही उघडून बसले असतील असं थोडंच आहे. पण 'म्हणून आठ हजारही खरे' असंही म्हणता येत नाही. शेवटी 'तुका म्हणे' जोडलं की कुठलाही अभंग तुकोबांचा होतो. कीर्तनाच्या भरात एखाद्या भक्ताने स्वतःचं चरण त्यांच्या नावावर घातलं, तर तो आशिया मायनरमधल्या त्या धर्मगुरूचा भाऊच की!

गंमत म्हणजे तुकोबांच्या हयातीत चोरी उलट्या दिशेने चालायची. सालोमालो नावाचा एक कवी तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवायचा, असं परंपरा सांगते. आणि तिसरा प्रकार म्हणजे धाकटे भाऊ कान्होबा. त्यांचे अभंग 'तुकयाबंधु' या मुद्रेसकट राजरोस गाथेत आहेत. कर्ता वेगळा हे उघड दिसत असून त्यांना कोणी बाहेर काढलं नाही. म्हणजे इथे 'लेखक कोण' ही एकच कसोटी कधीच नव्हती, वारकऱ्यांनी कोणाला आपलं मानलं हीसुद्धा होती.

याउलट 'मंत्रगीता'. भगवद्गीतेचं हे अभंगरूप तुकोबांचंच, असं वा. सी. बेंद्रे यांचं म्हणणं. बऱ्याच अभ्यासकांना ते पटलं नाही, आणि वारकऱ्यांच्या रोजच्या म्हणण्यातही ती आली नाही.

कोण आत, कोण बाहेर, यावर पैज काही कमी नाही. देवाशी भांडणारा तुका, जातीच्या अहंकाराला झोडपणारा तुका आणि संसार सोडा सांगणारा तुका, तिघांनाही गाथेत आधार सापडतो. मग प्रत्येक जण आपल्याला नको तो अभंग 'प्रक्षिप्त' म्हणून मोकळा होतो. (हे दोन्ही बाजूचे करतात, बरं का. वहीचा पुरावा कोणी मागत नाही.) थोमाची वचनं निदान रांजणात सापडली. प्रक्षिप्त म्हणून टाकलेला अभंग पुढच्या आवृत्तीत छापलाच नाही, तर तो शोधायला कुठला रांजण उकरणार?

देहूच्या गाथा मंदिरात आता भिंतींवर अभंग कोरलेत, चार हजारांच्या वर. दगडात नवा अभंग घुसवणं कठीण आहे. गावातल्या सप्ताहात मात्र अजूनही एखादं असं 'तुका म्हणे' कानावर पडतं, जे घरी येऊन सरकारी गाथेत कितीही शोधलं तरी सापडत नाही.